तिरोडी आणि तिरोडा

नाईल, युफ्रेटिस आणि सिंधू या नद्या मी तिरोड्याच्या शाळेत इतकी वर्षे शिकविल्या, की त्यांचे नकाशे डोळे मिटून फळ्यावर काढता यावेत. वैनगंगेचा नकाशा मात्र मी कधी काढला नव्हता. ती आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते, पुढे भंडाऱ्यावरून पवनीला जाते. पण ‘प्राचीन संस्कृती’ या मथळ्याखाली तिला जागा नव्हती. ही उणीव भरून काढण्याच्या उत्साहात माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक, आणि तिच्यामागून आलेला एक प्रश्न, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्राचीन संस्कृती शिकविताना अडचण येते ती काळाच्या अंतराची. चार हजार वर्षे म्हणजे किती, हे मुलांना सांगून कळत नाही. म्हणून मी सनावळ्या बाजूला ठेवून वाङ्मयापासून आरंभ करीत असे. सुमेर देशातील मातीच्या विटांवर एका शाळकरी पोराची गोष्ट कोरलेली सापडली आहे. सॅम्युएल क्रेमर या पंडिताने ती १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. हा पोरगा शाळेत उशिरा येतो, मार खातो. अक्षर वाईट म्हणून पुन्हा मार खातो. शेवटी तो बापाला सांगून गुरुजींना घरी जेवावयास बोलावितो. गुरुजींना नवे वस्त्र मिळते, अंगठी मिळते, आणि लगेच पोरगा हुशार ठरतो! ही गोष्ट सांगितली की वर्ग खदखदून हसतो, आणि चार हजार वर्षांचे अंतर त्या हशात नाहीसे होते.

इजिप्तच्या वाङ्मयातही असाच एक बाप आहे. मुलाला शाळेत घालावयास नावेतून नेताना तो वाटेत एकेका धंद्याची टवाळी करतो. कुंभार, विणकर, शेतकरी, सारे कसे हाल काढतात आणि लेखनिक तेवढा कसा सुखी, हे तो पटवितो. शिक्षणाचे महत्त्व सांगण्यास हा उतारा उत्तम, अशी माझी समजूत होती. पण आमच्या वर्गातली निम्मी पोरे रोवणीच्या दिवसांत बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहिलेली असतात. एकाने विचारले, “सर, त्या लिहिणाऱ्याला भाकर कोण देत होतं?” तेव्हापासून मी तो उतारा वेगळ्या रीतीने शिकवितो. लिहिलेले जे उरते ते लिहिणाऱ्याचे मत असते. न लिहिणाऱ्यांची बाजू आपणच शोधावी लागते.

आता चुकीकडे येतो. आपल्या गावालाही प्राचीन म्हणता येईल असे काही पोरांना द्यावे, असे मला फार वाटे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटांची यादी चाळताना एका ताम्रपटाचे नाव दृष्टीस पडले. मजकूर इंग्रजीत होता, आणि रोमन लिपीत ‘तिरोडी’ व ‘तिरोडा’ यांत एका अक्षराचाच फरक. मी अधिक वाचण्याचे कष्ट घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात छाती फुगवून सांगितले, की पाचव्या शतकातला, राजाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षातला ताम्रपट आपल्या गावी सापडला आहे. पोरांचे चेहरे उजळले. कोणी विचारले, कोणाच्या शेतात? मी म्हणालो, ते शोधावे लागेल.

आठवडाभराने मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे मामा रेल्वेत. तो म्हणाला, “सर, तुमसरहून तिरोडीला गाडी जाते, मँगनीजच्या खाणीकडं. ते गाव वेगळं आहे. तुमचा ताम्रपट तिथला तर नाही?”

तिथलाच होता. तिरोडी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. मी घरी जाऊन नीट वाचले आणि मला रात्री झोप आली नाही. गप्प राहणे सोपे होते, कारण परीक्षेत हा प्रश्न येणार नव्हता. पण ज्या पोरांना मी पुरावा म्हणजे काय हे शिकवीत होतो, त्यांच्याच पुढे मी गावाच्या अभिमानाला पुराव्याच्या जागी बसविले होते. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही नावे लिहिली आणि चूक कबूल केली. काही चेहरे उतरले. एकजण पुटपुटला, “म्हणजे आपल्याकडं काहीच नाही.”

त्या वाक्याने मला खरा धडा सापडला. प्रवरसेनाच्या राज्याला आजची जिल्ह्यांची आणि राज्यांची हद्द ठाऊक नव्हती. आमचा गाव १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. १९५६ पूर्वी तो मध्य प्रदेशातच होता. सीमा बदलतात, माती तीच राहते. मग मी ताम्रपटात काय असते ते सांगू लागलो. वाकाटकांच्या दानपत्रांत गाव दान देताना त्याला मिळणाऱ्या सवलती मोजलेल्या असतात: या गावात शिपायांनी शिरू नये, गावाने फुले व दूध देऊ नये, दौऱ्यावरील अधिकाऱ्यांना बसावयास कातडी व जाळावयास कोळसा पुरवू नये, येथे मिठासाठी खणू नये. मी विचारले, “जे माफ केले, त्यावरून काय कळते?” थोडा वेळ वर्ग शांत राहिला. मग एक मुलगी म्हणाली, “बाकीच्या गावांना हे सगळं द्यावं लागत होतं.” राजाची स्तुती करणाऱ्या पत्र्यातून तिने रयतेचे ओझे वाचले होते. याहून अधिक मी काय शिकविणार होतो?

याच प्रवरसेनाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे काव्य आहे. त्याही आधीची, हाल सातवाहनाच्या नावे असलेली गाथासप्तशती त्याच भाषेतली. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिची मराठी आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात राजवाडे थोडे आणि शेते फार. पिकत आलेली साळीची शेते, गावचा पाटील, नांगरणारा गडी, वाट पाहणाऱ्या बायका, हे सारे धानाच्या मुलखातल्या पोरांना समजावून सांगावे लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा वर्गात मी प्रथम याच ग्रंथाचे नाव घेतले. पवनीचेही सांगितले: १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात तेथे बौद्ध स्तूप उघडा पडला, आणि त्याच्या दगडांवर ब्राह्मी अक्षरे होती. वैनगंगेचा नकाशा अखेर फळ्यावर आला.

मी समाधानात होतो, तोच तो प्रश्न आला. घरी गोंडी बोलणारी एक मुलगी, सहसा न बोलणारी. तिने विचारले, “सर, आमची आजी गाते ते कुठं लिहिलेलं नाही. मग ते साहित्य नाही का?”

मी घाईने उत्तर दिले नाही. तिरोडीने मला तेवढे शिकविले होते. दुसऱ्या दिवशी मी सांगितले, की ऋग्वेद शतकानुशतके लिहिल्यावाचून कंठात राहिला. गिलगमेशची कथा निनवेच्या भाजलेल्या विटांवर उरली, आणि १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथने तिच्यातला जलप्रलय वाचला. पण त्या विटा मातीत असताना दोन हजार वर्षे ती कथा जगाला ठाऊक नव्हती. उलट हडप्पाचे पाहा. १९२४ मध्ये तिचा शोध जाहीर झाला, मुद्रा हजारोंनी मिळाल्या, पण लेख सरासरी पाच चिन्हांचे, आणि ते आजही कोणाला वाचता आलेले नाहीत. तेव्हा लिहिलेले असूनही मुके असू शकते, आणि न लिहिलेले असूनही जिवंत. आजीचे गाणे साहित्य आहेच; त्याला धोका आहे तो एवढाच, की विटेला मरण नसते, आजीला असते.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली, आणि ती २०१७ पासून संगणकाच्या जागतिक लिपिसंचातही आहे. हे मसराम बालाघाट जिल्ह्याचे. ज्या जिल्ह्यातून मी खोटा अभिमान उसना आणला होता, त्याच जिल्ह्याचे.

दिवाळीच्या सुटीनंतर ती मुलगी एक शंभरपानी वही घेऊन आली. सुटीत मंडईचे दिवस, दंडारीची धामधूम. तरी तिने आजीजवळ बसून सतरा गाणी देवनागरीत उतरवून घेतली होती. प्रत्येक गाण्याखाली अर्थ, आणि जेथे आजीला अर्थ सांगता आला नाही तेथे तसे स्वच्छ लिहिले होते: “आजीला माहीत नाही.”

त्या वहीला गुण देण्याची सोय आमच्या गुणपत्रकात नाही. मी ती वाचून परत दिली, आणि आजी आहे तोवर उरलेली पाने भरावयास सांगितले.