पाटीवरच्या भाषा

आमच्या क्लासच्या पाटीवर दर दोन-तीन वर्षांनी रंगाऱ्याचा हात फिरायचा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर माझ्या सासऱ्यांची कमर्शिअल इन्स्टिट्यूट होती. टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४०, शॉर्टहँड. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेमिंग्टन टाइपरायटर भिंतीकडे सरकले, मधोमध संगणक आले आणि पाटीवर ‘बेसिक, कोबोल’, मग ‘डीबेस’, ‘फॉक्सप्रो’, ‘सी’ अशी भर पडत गेली. मी कोबोल शिकवायचे. पुण्यातल्या संगणकी नोकऱ्यांचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने अशा पाट्या वाचाव्यात. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की पाटी नेहमी बाजाराच्या मागून चालायची.

खरं तर बाजार दोन होते. इथला डीबेस-फॉक्सप्रोचा. पतसंस्थेला, साखर कारखान्याला, औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला खतावणी आणि पगारपत्रक हवं असे, आणि तेवढं करून देणाऱ्या पोराला पगार कारकुनाचाच मिळे. बँकांमध्ये तर १९८३ साली कर्मचारी संघटनांशी करार झाला तेव्हा कुठे संगणकाला दार किलकिलं झालं.

दुसरा बाजार समुद्रापलीकडचा, आणि त्याचा मोठा भाग कोबोलवर उभा होता. ही भाषा १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाठबळाने आखली गेली. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेची तिच्यावर दाट छाप. हिशेबनिसालाही वाचता यावी, म्हणून आज्ञा साध्या इंग्रजी वाक्यांसारख्या. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांनी वर्षानुवर्षं तिच्यात लिहून ठेवलं आणि मग ते बदलणं कुणालाच परवडेना. ती उस्तवार करायला माणसं लागत. मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टीसीएसने सत्तरच्या दशकातच बरोज या अमेरिकी कंपनीची कामं घेतली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यातीसाठीचं क्षेत्र झालं. पुण्यात १९९० साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आलं, उपग्रहाची लाइन मिळाली, आणि माणूस न पाठवताही काम पाठवता येऊ लागलं.

टायपिंगवाल्या मुलींना कोबोल पटकन जमायची, हे माझं निरीक्षण कुठल्याही अहवालात सापडणार नाही. तिची ओळ ऐंशी रकान्यांची, पंचकार्डाच्या मापाची. पहिले सहा रकाने क्रमांकाचे. सातव्यात तारा टाकला की ती ओळ नुसती टीप. परिच्छेदाचं नाव आठव्यापासून, आज्ञा बाराव्यापासून, आणि बहात्तरनंतरचं यंत्र आज्ञा म्हणून वाचतच नाही. इंजिनिअरिंगची मुलं या सोवळ्याओवळ्यावर वैतागत. समास मोजून सोडायची सवय असलेल्या मुलींना त्यात काहीच वावगं वाटत नसे. पूर्णविरामही त्या विसरत नसत, आणि एक पूर्णविराम राहिला तर खाली चुकांची माळ लागे.

त्याच कार्डावरची जागा वाचवायला साल दोन आकड्यांत लिहायची रीत पडली. मग २००० जवळ आलं. १९६० साली जन्मलेल्याचं वय काढायला यंत्र शून्यातून साठ वजा करणार! बुधवारच्या टाइम्सबरोबर येणाऱ्या ‘असेन्ट’मध्ये कोबोलच्या जाहिराती पानंच्या पानं दिसू लागल्या. बी.कॉम. झालेले, सिव्हिलवाले, भूगोलाचे पदवीधर, सगळे माडी चढून येऊ लागले. अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १९९९ साठी १,१५,००० केली. भाषेत नवं काहीच आलेलं नव्हतं, बदललं होतं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

काम मात्र रटाळ. निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या कुणाचा तरी प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायचा आणि तारीख कुठे दडलीय ते शोधायचं. खिडकीची युक्ती सगळ्यांत स्वस्त: ५० ते ९९ आलं तर एकोणीसशे, ०० ते ४९ आलं तर दोन हजार. शिवाय लीप वर्षाची गोम. शंभराने भाग जाणारं साल लीप नसतं हे ज्यांनी अर्धवट लक्षात ठेवलं होतं, त्यांनी २००० चा २९ फेब्रुवारीच उडवला होता. चारशेने भाग गेला तर तो असतो. दुसऱ्याचं लिखाण वाचायची ही चिकाटी आमच्या पाटीवर कधीच आली नाही. आली असती तरी तिची फी कुणी भरली नसती.

१ जानेवारी २००० फारशी पडझड न होता गेला. मार्चमध्ये नॅसडॅकने शिखर गाठलं आणि घसरण सुरू झाली. अमेरिकेत गेलेली काही मुलं कामाविना बेंचवर बसली, काही परतली. रंगाऱ्याने कोबोल पुसून ‘जावा’ लिहिलं. मी रात्री जागून जावा शिकले, कारण शिकवायची होती.

एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत बेकारभत्त्याचे अर्ज तुंबले तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्यांना मदतीला यायचं आवाहन केलं, स्वयंसेवक म्हणून. माझा एक जुना विद्यार्थी तिकडेच स्थायिक झालाय. मी त्याला फोन करून म्हटलं, “अरे, बोलावतायत बघ तुला.” तो म्हणाला, “मॅडम, पगाराचं काही बोललेत का ते?”