सत्ता बदलली, हिशेब राहिला

१३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने तुळजापूर तालुक्यातला नळदुर्ग घेतला. चार दिवसांत निजामाची राजवट कोसळली. रझाकारांविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांचा खून तिच्याच काळात, महिन्यापूर्वी झाला होता. त्या राजवटीसाठी आम्ही अश्रू ढाळत नाही.

पण त्यानंतर रझाकारांच्या पापाची शिक्षा निरपराध मुसलमानांनी भोगली. नेहरू सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात किमान २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. अहवाल मात्र कित्येक दशके दडपला गेला.

सत्तांतर म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. जुन्या राजवटीइतकाच नव्या सत्तेलाही बळींचा हिशेब आम्हाला निर्भयपणे मागता यावा; तेव्हाच प्रजेचे नागरिक होतात.