कृत्रिम क्षितिज

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर अंधाऱ्या रात्री उभे राहिले, म्हणजे समुद्र कोठे संपला आणि आकाश कोठे सुरू झाले हे डोळ्यांना उमगत नाही. किनाऱ्यावरील माणसाचे त्यावाचून काही अडत नाही. त्याच्या पायांखाली जमीन असते. पश्चिमेकडे झेप घेणाऱ्या वैमानिकाला मात्र शहराचे दिवे मागे पडताच याच अंधारात शिरावे लागते, आणि क्षितिज पाहावयाचे ते समोरच्या एका लहानशा तबकडीत. तिला कृत्रिम क्षितिज म्हणतात. तिचे मूळ मुलांच्या भोवऱ्यात आहे. वेगाने फिरणारा भोवरा आपला अक्ष सहजी सोडीत नाही. या गुणाच्या आधारेच विमान किती कलले, त्याचे नाक वर आहे की खाली, हे वैमानिकाला कळते.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ सांताक्रूझहून दुबईस निघाले. कंपनीच्या ताफ्यातील हे पहिले बोइंग ७४७. कप्तान मदनलाल कुकर १९५६ पासून कंपनीत होते. सुमारे अठरा हजार तासांचे उड्डाण त्यांच्या गाठीशी होते. किनारा ओलांडल्यावर विमान ठरल्याप्रमाणे उजवीकडे हलके वळले आणि पुन्हा सरळ झाले. कप्तानांच्या तबकडीने हे सरळ होणे मात्र नोंदविलेच नाही. ती उजवा कल दाखवीतच राहिली. तो मोडण्यासाठी त्यांनी चक्र डावीकडे फिरविले, आणि सरळ चाललेले विमान डावीकडे कलू लागले.

शरीराला हे कळत नाही काय, असे कोणी विचारील. कानाच्या आतील द्रवावर आपला तोल अवलंबून असतो, आणि संथ वळणात तो द्रव माणसाला सहज चकवितो. म्हणून वैमानिकास शिकवितात की, शरीरापेक्षा यंत्रावर विश्वास ठेवा. त्या रात्री नेमके यंत्रच खोटे बोलत होते.

एकीची खोड दुसरीने पकडावी म्हणून अशा तबकड्या तीन असतात. कप्तान आपल्या तबकडीविषयी उद्गारले, तेव्हा आपलीही उलटली आहे, असे सहवैमानिक म्हणाले. वास्तविक ती उलटली नव्हती; उलटत होते ते विमान. त्या तबकडीवर जाऊ नका, असे उड्डाण-अभियंत्याने बजावलेही. परंतु कल ९० अंशांच्या पलीकडे गेला, आणि धावपट्टी सोडल्यापासून अवघ्या १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही.

तबकडी बिघडल्यावर कप्तानांना विमानाच्या स्थितीचे भान उरले नाही आणि इतर यंत्रांच्या साहाय्याने विमान सावरता आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तो खोटा नव्हे. पण तीन साक्षीदारांतला खोटा कोण, हे निवडण्यास किती क्षण होते, याचा हिशेब त्याच्या शेजारी मांडावयास हवा. विमान व यंत्रे बनविणाऱ्यांवरील निष्काळजीपणाचा आरोप अमेरिकन न्यायालयाने १९८५ साली फेटाळला.