ईटा कॅरिनी ताऱ्याचा महाउद्रेक (१८३७-१८५८) : ऐतिहासिक साक्षीपुराव्याचा एक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखन साधनांवर उभे असते, हे सर्वमान्य आहे. परंतु साधन कशाला म्हणावे आणि कोणाची साक्ष ग्राह्य धरावी, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. मौखिक परंपरेकडे तर आपण बहुधा संशयानेच पाहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार खगोलशास्त्राच्या इतिहासातील एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. ते उदाहरण म्हणजे दक्षिण आकाशातील ईटा कॅरिनी हा तारा.

नौकातल तारकासमूहातील हा तारा पृथ्वीपासून सुमारे ७,५०० प्रकाशवर्षे दूर असून तो 'तेजस्वी निळे रूपविकारी तारे' या दुर्मीळ वर्गात मोडतो. वस्तुतः ही ताऱ्यांची जोडी आहे. ब्राझीलचे खगोलशास्त्रज्ञ ऑगुस्तो दामिनेली यांनी १९९६ मध्ये त्याच्या वर्णपटातील सुमारे साडेपाच वर्षांचे आवर्तन दाखवून दिले आणि त्यातून जोडीची कल्पना दृढ झाली. जोडीतील मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे शंभरपट मानले जाते. या जोडीची एकत्रित तेजस्विता सूर्याच्या सुमारे पन्नास लाखपट आहे. आज नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा तारा १८४३ मध्ये मात्र व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला होता. १८३७ ते १८५८ या काळातील या घटनेस 'महाउद्रेक' असे म्हणतात.

ताऱ्यांचे छायाचित्रण व वर्णपटशास्त्र त्या काळी उपयोगात आलेले नव्हते. त्यामुळे या घटनेचा समकालीन पुरावा म्हणजे केवळ माणसाने डोळ्यांनी पाहिलेले आणि त्याने सांगितलेले किंवा लिहून ठेवलेले. म्हणूनच हा विषय खगोलशास्त्राइतकाच इतिहासाच्या अभ्यासकाचाही ठरतो.

लिखित नोंदी आणि त्यांचा भूगोल

ताऱ्याची सर्वांत जुनी विश्वसनीय नोंद एडमंड हॅली यांची आहे. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून त्यांनी तो चौथ्या प्रतीचा असल्याचे नोंदविले. (प्रतीचा अंक जितका लहान, तितका तारा अधिक तेजस्वी, हा संकेत येथे ध्यानात ठेवावा.) फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय यांनी १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथून निरीक्षणे केली, तेव्हा तो दुसऱ्या प्रतीचा होता. निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बर्चेल यांनी १८११ ते १८१५ या काळात दक्षिण आफ्रिकेत तो चौथ्या प्रतीचा पाहिला होता. तोच तारा १८२७ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथून त्यांना पहिल्या प्रतीचा दिसला. बर्चेल हे वनस्पती व प्राणी यांचे संग्राहक होते. तरीही ताऱ्यातील हा बदल त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

सर्वाधिक महत्त्वाची नोंद सर जॉन हर्शेल यांची होय. जानेवारी १८३४ मध्ये ते केपला पोहोचले व पुढील चार वर्षे त्यांनी दक्षिण आकाशाचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. १६ डिसेंबर १८३७ रोजी हा परिचित तारा एकाएकी पहिल्या प्रतीच्या ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसल्याचे पाहून ते चकित झाले. जानेवारी १८३८ च्या प्रारंभी तो मित्र ताऱ्याच्या तोडीचा झाला आणि नंतर किंचित मंदावला. त्याच वर्षी हर्शेल इंग्लंडला परतले. मार्च १८४३ मध्ये तारा पुन्हा उजळला, तेव्हाच्या साक्षीदारांपैकी एक साक्षीदार आपल्या देशातील आहे. कलकत्त्याहून मॅके यांनी कळविले की, हा तारा अगस्त्याइतका तेजस्वी झाला असून रंगाने तो स्वातीसारखा दिसतो.

या नोंदींची ठिकाणे पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या जवळजवळ साठ अंश दक्षिणेस असल्याने लंडन वा पॅरिस येथील वेधशाळांना तो कधीच दिसत नाही. पुण्याहूनही तो क्षितिजावर जास्तीत जास्त बारा अंशांच्या आसपासच वर येतो. साहजिकच सेंट हेलेना, केप, साओ पाउलो आणि कलकत्ता अशा सागरी व्यापाराच्या व वसाहतींच्या ठाण्यांवरूनच या नोंदी झाल्या. ठाण्यावर जाणकार माणूस असेल तर नोंद आहे, तो परतला की नोंद विरळ होते. ताऱ्याच्या लिखित इतिहासातील खंड हे बऱ्याच अंशी निरीक्षकांच्या प्रवासाचे खंड आहेत. परंतु जे कोठूनही आलेले नव्हते आणि कोठेही परतणार नव्हते, असे लोकही याच आकाशाखाली राहत होते.

बूराँग समाजाची साक्ष

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या वायव्य भागात टिरेल सरोवराच्या परिसरात बूराँग हा आदिवासी समाज राहत असे. विल्यम स्टॅनब्रिज या पशुपालक वसाहतकाराने या समाजाचे आकाशविषयक ज्ञान संकलित केले. १८५७ मध्ये मेलबर्न येथील विद्वत्सभेपुढे त्याने यासंबंधी निबंध वाचला. शेजारच्या समाजांपेक्षा आपल्याला ताऱ्यांचे ज्ञान अधिक आहे, याचा बूराँगांना अभिमान होता, असे तो नमूद करतो. त्यातही या ज्ञानासाठी विशेष ख्याती असलेल्या एका कुटुंबातील दोघांकडून, सरोवराकाठी शेकोटीजवळ बसून त्याने ही माहिती ऐकली.

त्यांच्या परंपरेत अगस्त्य तारा म्हणजे 'वॉर' हा कावळा होय. आकाशातून अग्नी खाली आणणारा तोच. त्याची पत्नी 'कॉलोगुलोरिक वॉर' हाही एक तारा. स्टॅनब्रिजने या ताऱ्याचे वर्णन मोठा, तांबडा असे करून 'रोबुर कॅरोली' तारकासमूहातील ९६६ क्रमांकाचा तारा अशी त्याची ओळख दिली. हॅलीने राजा दुसरा चार्ल्स याच्या सन्मानार्थ कल्पिलेला हा तारकासमूह पुढे वापरातून गेला. कोणी हे वर्णन घेऊन आजच्या आकाशात शोध घेतला, तर त्या जागी तेजस्वी तांबडा तारा सापडत नाही. बूराँगांची वा स्टॅनब्रिजची चूक झाली असावी, असा निष्कर्ष काढणे मग सोपे होते.

ड्वेन हमाकर व डेव्हिड फ्रू यांनी २०१० मध्ये हे कोडे सोडविले. तारकासमूह, क्रमांक, तेज व रंग या चारही खुणा महाउद्रेकातील ईटा कॅरिनीशी जुळतात, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे सांगणाऱ्यांचे वर्णन त्यांच्या काळातील आकाशाला धरून होते. बदललेला होता तो तारा.

साक्षीची चिकित्सा

तथापि, साक्ष उपेक्षितांची आहे एवढ्यावरून ती ग्राह्य ठरत नाही. याच ताऱ्याच्या इतिहासात याचे उदाहरण आहे. फ्रान्सिस अ‍ॅबट हा घड्याळजी फसवणुकीच्या गुन्ह्याखाली शिक्षा होऊन १८४५ मध्ये टास्मानियात आला. तेथे त्याने चिकाटीने आकाशनिरीक्षण केले. ताऱ्याभोवतीचा तेजोमेघ हर्शेलच्या काळापासून बदलला आहे, असे त्याने १८६३ पासून मांडले. त्यावर दीर्घ वाद झाला. अखेर भिन्न क्षमतेच्या दुर्बिणींतून दिसलेल्या चित्रांची तुलना हेच या कथित बदलाचे मूळ असल्याचे मानले गेले. अ‍ॅबटची गणना अप्रतिष्ठितांत होती म्हणून त्याचे म्हणणे चुकले असे नव्हे. ते चुकले तुलनेच्या पद्धतीत.

हीच कसोटी बूराँगांच्या साक्षीला लावून पाहता येते. तारा क्षितिजालगत असला की वातावरणामुळे तो तांबूस भासतो. कलकत्त्याहून हा तारा जास्तीत जास्त आठ-नऊ अंश वर येत असल्याने मॅके यांच्या रंगाच्या नोंदीवर ही शंका घेता येते. टिरेल सरोवरावरून मात्र तो साठ अंशांहून अधिक उंचीवर येतो. त्यामुळे बूराँगांनी सांगितलेला तांबडा रंग केवळ क्षितिजाचा परिणाम म्हणून बाजूस सारता येत नाही. अंतर्गत परीक्षणात येथे मौखिक साक्ष लिखित नोंदीला पूरक, किंबहुना आधारभूत ठरते.

बाह्य परीक्षणाच्या दृष्टीने मात्र एक मर्यादा राहते. बूराँगांचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते स्टॅनब्रिजच्या लेखणीतून. ज्या वसाहतीकरणाने या समाजाची भूमी गेली, त्याच प्रक्रियेतील एका मेंढपाळ जमीनधारकाने हे ज्ञान टिपले. त्याने तसे केले नसते तर ही साक्ष उरली नसती. जे कोणी टिपले नाही त्याचे मोजमाप तर शक्यच नाही.

उशिरा पोहोचलेला प्रकाश

१८५८ नंतर तारा झपाट्याने मंदावला व १८६८ च्या सुमारास नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. विसाव्या शतकाच्या मध्यावर तो पुन्हा उजळू लागला. अर्जेंटिनाच्या एन्रिके गाव्हिओला यांनी त्याभोवतीच्या द्विखंडी मेघास १९५० मध्ये 'होमुनक्युलस' असे नाव दिले. या मेघाच्या प्रसरणाचा मागोवा उलट घेतला असता त्यातील द्रव्य १८४७ च्या सुमारास बाहेर फेकले गेले, असे दिसते. हे द्रव्य सूर्याच्या किमान दहापट आहे.

२०१२ मध्ये आर्मिन रेस्ट व सहकाऱ्यांनी महाउद्रेकाचे 'प्रकाश-प्रतिध्वनी' प्रसिद्ध केले. उद्रेकाचा काही प्रकाश थेट पृथ्वीकडे न येता दूरच्या धुळीवर आदळून परावर्तित झाला आणि दीडशेहून अधिक वर्षे उशिरा चिलीतील दुर्बिणीत टिपला गेला. त्यामुळे हर्शेलला उपलब्ध नसलेला वर्णपट आज अभ्यासता आला. त्यातून निघालेले तापमान सुमारे ५,००० केल्व्हिन, म्हणजे प्रचलित प्रतिमानाच्या अपेक्षेहून कमी आहे. २०१८ मध्ये सेकंदाला १०,००० किलोमीटरहून अधिक वेगाच्या द्रव्याच्या खुणाही त्यात आढळल्या. त्यावरून मूळच्या तीन ताऱ्यांपैकी दोहोंचे विलीनीकरण झाले असावे, असे मत मांडले गेले.

निष्कर्ष

ईटा कॅरिनीच्या महाउद्रेकाचे दोन साक्षीदार अभ्यासकांपुढे उशिरा आले. एक बूराँगांची परंपरा, दुसरा धुळीवरून परतलेला प्रकाश. दोन्ही साक्षी सरळ मार्गाने आल्या नाहीत, दोन्ही माध्यमातून गाळून आल्या आणि दोन्ही ग्राह्य ठरल्या त्या चिकित्सेनंतरच. परावर्तित प्रकाशाला आपण पुरावा मानतो, कारण धुळीचा परिणाम वजा कसा करावा हे आपल्याला ठाऊक आहे. मौखिक परंपरेबाबतही तेच कौशल्य इतिहासाच्या अभ्यासकाने कमावले पाहिजे. 'कागद नाही, म्हणून पुरावा नाही' असे म्हणण्यापूर्वी ज्या आकाशाकडे पाहून ते शब्द उच्चारले गेले, ते आकाश तेव्हा कसे होते, हे तपासणे आवश्यक आहे.