मुद्रा, मोर्तब आणि शुभेच्छापत्र

हाताने केलेले शुभेच्छापत्र ही दिसावयास अगदी साधी वस्तू आहे. जाड कागदाची एक घडी, तिच्यावर रबरी ठशाने उमटवलेली पणती किंवा एखादे फूल, कडेने कागदातूनच वर उठवलेली वेल, आणि आत स्वहस्ते लिहिलेल्या दोन ओळी. एवढ्या किरकोळ वस्तूला इतिहास तो कसला असणार, असे कोणासही वाटेल. परंतु वस्तूचे कूळ शोधावयाचे असेल तर तिच्या हत्यारांकडे पाहावे. या पत्राची हत्यारे दोन : ठसा आणि उठाव. यांपैकी एकही स्नेहापोटी जन्मास आलेले नाही. माल कोणाचा, हुकूम कोणाचा, कर भरला की चुकवला, या शंकांचे निरसन करण्यासाठी व्यापाऱ्याने, राजाने आणि कचेरीने ती घडवली. अविश्वासाची ही अवजारे स्नेहाच्या हाती कशी आली आणि त्या हातात त्यांचा अर्थ कसा पालटला, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ठशाची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. सिंधू संस्कृतीतील कारागीर मऊ दगडावर प्राणी आणि चिन्हे खोलगट कोरीत; ती ओल्या मातीवर दाबली म्हणजे उठावदार उमटत. गुजरातेतील लोथल येथे वखारीच्या अवशेषांत मातीचे असे मुद्रांकित गोळे सापडले. त्यांच्या एका अंगास मुद्रा आहे आणि दुसऱ्या अंगास कापडाचे व दोरीचे वळ आहेत. गाठोडे बांधावयाचे, गाठीवर माती थापावयाची आणि तिच्यावर मुद्रा दाबावयाची, असा तो व्यवहार होता. मुद्रा शाबूत असेल तर माल शाबूत. पुढे दानपत्रे ताम्रपटांवर कोरली जाऊ लागली, तेव्हा पत्रे ओवणाऱ्या कडीवर राजाची मुद्रा बसली. काम तेच राहिले.

मराठी राज्याच्या पत्रव्यवहाराने तर या कामाची स्मृती आपल्या भाषेतच ठेवली आहे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण उठता बसता वापरतो. परंतु शिक्का आणि मोर्तब या दोन निराळ्या मुद्रा होत, हे सहसा ध्यानात येत नाही. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब पत्राच्या अखेरीस. बोलणारा कोण हे शिक्क्याने सांगावयाचे, आणि बोलणे कोठे संपले हे मोर्तबाने. मोर्तबाखाली कोणी एक अक्षर वाढवले तर ती लबाडी ठरे. शिवछत्रपतींच्या मोर्तबावरील संस्कृत शब्दांचा आशयही हाच आहे, की येथे मर्यादा शोभते. त्यांची राजमुद्रा मात्र याहून एक अधिक गोष्ट सांगते. प्रतिपदेच्या चंद्रकलेप्रमाणे वाढणारी ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा भावार्थ आहे. राज्याच्या मुद्रेत लोकांचे शुभ चिंतिलेले असावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्याकडे शेवटी पुन्हा वळू.

सत्तेच्या आणि व्यापाराच्या या कामापासून दूर, निव्वळ शुभेच्छेसाठी ठसा आणि उठाव वापरल्याचे एक रमणीय उदाहरण पाहावयाचे झाल्यास अठराव्या शतकातील जपानकडे जावे लागते. तेथील चांद्र पंचांगात काही महिने तीस दिवसांचे आणि काही एकोणतीस दिवसांचे असत, आणि हा क्रम दरसाल बदलत असे. पंचांग छापून विकण्याचा अधिकार ठराविक प्रकाशकांनाच होता. तेव्हा एदो, म्हणजे आजचे टोकियो, या शहरातील रसिकांनी एक युक्ती काढली. त्यांनी खाजगी चित्रे छापवून घेतली आणि मोठ्या व लहान महिन्यांच्या खुणा स्त्रीच्या कमरपट्ट्याच्या नक्षीत किंवा अशाच एखाद्या जागी लपवून ठेवल्या. नववर्षाला ही चित्रे एकमेकांस भेट द्यावयाची, आणि घेणाऱ्याने खुणा शोधावयाच्या. १७६५ साली या देवघेवीला भर आला, आणि सुझुकी हारुनोबू या चित्रकाराच्या हातून अनेक रंगांच्या ठशांची छपाई याच निमित्ताने पूर्णत्वास पोचली.

पुढे काव्यमंडळांनीही अशी नववर्षपत्रे काढण्याचा प्रघात पाडला. त्यांस ‘सुरिमोनो’ म्हणत. ती विक्रीसाठी नसत. मंडळातील लोक खर्च वाटून घेत आणि थोड्या प्रती काढून आप्तेष्टांना देत. होकुसाईसारख्या थोर चित्रकारानेही हे काम केले. त्यात उठावाची एक नाजूक रीत होती. लाकडी ठशाला शाई न लावताच त्याच्यावर ओलसर जाड कागद ठेवावयाचा आणि पाठीमागून घासून दाबावयाचा. रंग उमटत नाही; केवळ कागद उचलला जातो. बर्फ, बगळ्याचे पंख, शुभ्र वस्त्राच्या चुण्या, असे जे जे पांढऱ्यावर पांढरे, ते या रीतीने दाखवावयाचे. पत्र हातात तिरके धरावे, दिव्याचा उजेड बाजूने पडू द्यावा, आणि मग पंखांची पिसे दिसू लागावीत. घाईने पाहणाऱ्यास तेथे काहीच दिसत नाही.

कोऱ्या उठावाचा हा जो गुण, तोच आपल्याकडे एका सरकारी प्रयोगात दोष ठरला. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी अर्ध्या आण्याचे टपाल तिकीट काढले. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. ‘सिंध डाक’ या नावाने ओळखले जाणारे हे गोल तिकीट हिंदुस्थानातीलच नव्हे, तर आशियातील पहिले होय. त्याच्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी चिन्ह उठावाने उमटवले होते. प्रथम ते लाखेसारख्या लाल चकतीवर काढले. परंतु चकत्या ठिसूळ निघाल्या आणि वाटेतच तडकू लागल्या. म्हणून ते पांढऱ्या कागदावर बिनरंगी उठावाने काढले. तेव्हा ते दिव्याच्या मंद उजेडात नीट दिसेना. अखेर निळ्या रंगात काढावे लागले. टपाल कारकुनास शेकडो पत्रे झरझर पाहावयाची असतात. त्याला पांढऱ्यावर पांढरे उपयोगाचे नाही. एदोतील रसिकाला एकच पत्र सावकाश पाहावयाचे होते, म्हणून तेच त्याच्या आनंदाचे झाले. साधन एकच, फरक पडला तो पाहणाऱ्याजवळ असलेल्या वेळाने.

सिंध डाकेचे आयुष्य थोडे ठरले. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध कंपनी सरकारच्या मुलखात एकच दर सुरू झाला : पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, अंतर कितीही असो. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. इंग्लंडात पेनीची टपालपद्धती १८४० सालीच सुरू झाली होती. शुभेच्छापत्राच्या इतिहासात या तारखांना मोठे महत्त्व आहे. स्वस्त टपालावाचून दूरच्या माणसाला नुसते ‘सुखी असा’ एवढेच कळवण्याची चैन सामान्य माणसाला परवडत नव्हती.

पेनी टपालाच्या कामात हातभार लावणाऱ्या हेन्री कोल या इंग्रज अधिकाऱ्यानेच १८४३ साली पहिले छापील नाताळपत्र काढवून घेतले, हा निव्वळ योगायोग नव्हे. नाताळात येणाऱ्या पत्रांना उत्तरे लिहिण्यास या कामसू माणसाला सवड मिळेना. म्हणून त्याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. त्याच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापावर काढून हाताने रंगवण्यात आल्या. किंमत एक शिलिंग, म्हणजे तेव्हाच्या मानाने भारीच. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. जपानी रसिकांचे नववर्षपत्र हौसेतून आले, तर कोलचे नाताळपत्र सवडीच्या अभावातून. एकात वेळ देण्याची इच्छा होती, दुसऱ्यात वेळ वाचवण्याची. पुढचा सारा इतिहास या दोन प्रेरणांच्या ओढाताणीचा आहे.

अमेरिकेत ही ओढाताण एकाच घरात दिसते. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावी एस्थर हाउलंड नावाची तरुणी राहत असे. १८४७ साली ती कॉलेजातून शिकून बाहेर पडली. वडिलांचे दुकान कागदसामानाचे. इंग्लंडहून आलेले एक प्रेमपत्र तिच्या पाहण्यात आले. कडेने उठावाची नक्षी, जाळीदार कागदाची झालर आणि रंगीत चित्रे असा त्याचा थाट होता. आपणही असे करू शकू, असे तिला वाटले. मागणी वाढली तेव्हा तिने मैत्रिणींना घरी बोलावले. एकीने चित्रे कापावयाची, दुसरीने झालर चिकटवावयाची, तिसरीने घडी घालावयाची. वस्तू हातची, पण तिच्यामागची व्यवस्था कारखान्याची. १८८१ साली तिने धंदा विकला. तोवर यंत्रांनी आणि रंगीत शिळाछापाने हातकामाला मागे सारण्यास सुरुवात केली होती.

आता रबराकडे वळू. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत ताठरते. ठशाला ते निरुपयोगी. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या संयोगाने ते टिकाऊ करण्याची क्रिया शोधली आणि १८४४ साली तिचे पेटंट घेतले. पुढे दंतवैद्य कवळीची बैठक कठीण रबराची करू लागले, आणि त्यासाठी लागणारी तापवण्याची भांडी गावोगाव झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कारागिरांनी त्याच भांड्यांत ठसे तयार केले : खिळे जुळवावयाचे, त्यांचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यावयाचा, आणि साच्यात रबर दाबून तापवावयाचे. पितळी मुद्रा एका घराण्याची असे. रबरी शिक्का प्रत्येक टेबलाचा झाला. ‘पावले’, ‘पाहिले’, ‘मंजूर’, ‘रद्द’ अशी त्याची बोली तयार झाली.

या स्वस्ताईची किंमतही मोजावी लागली. शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली त्यांना हे निराळे सांगावयास नको, की ‘पाहिले’ असा शिक्का ज्याच्यावर आहे तो प्रत्येक कागद कोणी पाहिलेला असतोच असे नाही. म्हणूनच तर न वाचता मान डोलावणाऱ्याला लोक ‘रबरी शिक्का’ म्हणू लागले. जी मुद्रा जबाबदारीची खूण म्हणून जन्मली, ती बेजबाबदारीची उपमा होऊन बसली.

आणि नेमके हेच अवजार कलावंतांनी आणि हौशी लोकांनी उचलले. कुर्ट श्विटर्स या जर्मन कलावंताने १९१९ च्या सुमारास कचेरीतील शिक्के चित्रांत उमटवून त्यांचा रुक्षपणा खेळकर केला. मुलांच्या खेळण्यांत तर रबरी ठशांच्या पेट्या त्याआधीच आल्या होत्या. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत घरी शुभेच्छापत्रे करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत फोफावला, तेव्हा लाकडी ठोकळ्यावर बसवलेला रबरी ठसा हे त्याचे मुख्य हत्यार ठरले. जपानात तर शाळकरी मुलेही बटाट्यावर ठसा कोरून नववर्षपत्रे सजवतात. आणि १९७७ साली तेथे घरच्या घरी पत्रे छापण्याचे ‘प्रिंट गोक्को’ नावाचे छोटे यंत्र निघाले, तेही घरोघर गेले.

या छंदातील उठावाची रीत पाहण्यासारखी आहे. सावकाश वाळणाऱ्या शाईने ठसा उमटवावयाचा. शाई ओली आहे तोच तिच्यावर राळेची बारीक पूड भुरभुरावयाची. कागद उलटा करून हलकी टिचकी मारली की जादा पूड गळून पडते. मग कागदाला उष्णता दिली की चिकटलेली पूड वितळते आणि रेघ चकचकीत होऊन वर उठते. जुन्या दप्तरांचा ज्यांना परिचय आहे त्यांना येथे एक ओळखीची हालचाल दिसेल. मोडी लिहिणारा कारकून ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकी आणि कागद झटकून ती काढून घेई. जुनी पत्रे उलगडताना त्या वाळूचे कण क्वचित आजही हाताला लागतात. ती वाळू शाई लवकर वाळावी म्हणून होती. ही पूड रेघ उठून दिसावी म्हणून आहे. हाताची हालचाल मात्र तीच.

कागदाचेही असेच. उठावाला लांब तंतूंचा, जरा मऊ कागद मानवतो. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद त्यासाठी उत्तम. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादेजवळचे कागजीपुरा ही या कागदाची जुनी ठिकाणे. पूर्वी त्या कागदावर सनदा आणि हिशेब लिहिले गेले. गिरणीच्या कागदाने तो मागे पडला तेव्हा १९४० साली पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली, आणि हातकागदाला पुढे जी गिऱ्हाइके लाभली त्यांत शुभेच्छापत्रे आणि लग्नपत्रिका यांचा वाटा मोठा आहे. दप्तराचा कागद असा निमंत्रणाचा कागद झाला.

या साऱ्यावर एक रास्त आक्षेप आहे. हाताने केलेले तेवढे मनापासूनचे आणि छापील ते कोरडे, असे कोणी ठरवले? छापील पत्रावर थरथरत्या हाताने केलेली आजीची सही कोणत्याही नक्षीहून मोलाची असते, हे मान्य केलेच पाहिजे. शिवाय ठसा म्हणजे पुनरावृत्तीच. एकाच ठशाने पन्नास जणांना पन्नास पणत्या पाठवल्या तर त्यांत वेगळे ते काय? उत्तर असे, की ठसा सारखा असला तरी उमटणे सारखे नसते. कोठे शाई कमी, कोठे दाब अधिक, कोठे पूड सांडलेली. छापखान्यात असा कागद बाद होतो. मित्राच्या पत्रात तोच, त्या क्षणी तो या कागदावर वाकला होता, याची साक्ष देतो. संक्रांतीला परगावच्या आप्तांना पाकिटातून चार दाणे हलवा पाठवण्याची किंवा लग्नपत्रिकेला कुंकवाचे बोट लावण्याची आपली चाल याच भावनेची आहे. कुंकवाचे ते बोट हा माणसाचा सर्वांत जुना ठसा म्हणावा लागेल.

जपानच्या टपालसंस्थेने २००३ साली सुमारे ४४५ कोटी नववर्षपत्रे काढली होती. त्यानंतर हा आकडा उतरत गेला. आपल्याकडेही सणाच्या दिवशी शेकडो शुभेच्छा दूरध्वनीच्या पडद्यावर येऊन पडतात. कोलची सवडीची अडचण आता पुरती सुटली आहे. त्यात वाईट काही नाही. परंतु ज्या शुभेच्छेला पाठवणाऱ्याने क्षणभरही थांबून पाहिलेले नाही, ती आणि न वाचता मारलेला ‘पाहिले’चा शिक्का यांत फरक थोडा. उलट विचारपूर्वक उमटवलेला शिक्का कचेरीत असो वा घरी, ‘हे मी पाहिले आहे, याचे उत्तर मी देईन’, असे सांगतो. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेत अधिकार आणि कल्याणचिंतन एकत्र नांदत होते. काळाच्या ओघात अधिकार कचेरीत राहिला आणि कल्याणचिंतन शुभेच्छापत्रात गेले. मुद्रा कोणाच्याही हाती असो, या दोहोंची फारकत होऊ नये, एवढी अपेक्षा तिच्या इतक्या जुन्या इतिहासाकडे पाहून ठेवावयास हरकत नाही.