गाडी नेमकी कुठे सोडायची?

मागच्या पावसाळ्यात माझी बाईक उचलून नेली. आमच्या घरापासून मेट्रो स्टेशन अडीच किलोमीटरवर आहे. तिथल्या गल्लीत बाईक लावायची आणि मेट्रोने येरवड्याचं ऑफिस गाठायचं, असं वर्षभर मस्त चाललं होतं. त्या संध्याकाळी परत आलो तर गल्लीत एकही गाडी नव्हती.

दंड भरून घरी आलो आणि जेवताना जाहीर केलं, "प्रत्येक स्टेशनला पार्क अँड राईड पाहिजे. सिंगापूरसारखं!"

आई भाजी वाढत म्हणाली, "तुझ्या गाडीला जागा होईल रे. पण मी स्टेशनपर्यंत कशी जाऊ?"

उत्तर नव्हतं. म्हणून रात्री सिंगापूरचा इतिहास वाचायला बसलो, आणि माझा मुद्दा तिथेच कोसळला.

सत्तरच्या दशकात सिंगापूरच्या मध्यवर्ती भागात रोज सकाळी गाड्या तुंबायच्या. नुसते रस्ते रुंद करून भागणार नाही, हे तिथल्या सरकारने लवकर मान्य केलं. सोमवार, २ जून १९७५. त्या सकाळपासून शहराच्या मधल्या सुमारे सहा चौरस किलोमीटर भागात साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान कार न्यायची, तर दिवसाला ३ सिंगापूर डॉलरचा परवाना लागू लागला. चार किंवा जास्त माणसं बसलेली कार मात्र फुकट.

हे सगळं कॉम्प्युटरशिवाय चाललं. काचेवर लावायचा कागदी परवाना पोस्टात किंवा रस्त्याकडेच्या बूथवर मिळायचा. हद्दीवर प्रवेशाच्या वीसहून अधिक जागा होत्या आणि तिथे पोलीस उभे असायचे. परवाना दिसला नाही तरी ते गाडी अडवत नसत. नंबर टिपून घ्यायचे, नोटीस नंतर यायची. मी बॅकएंडवाला, त्यामुळे हे मला फारच आवडलं. रिक्वेस्ट थांबवायची नाही, फक्त लॉग करायची आणि हिशोब मागाहून करायचा.

योजनेचा दुसरा भाग होता पार्क अँड राईड. हद्दीच्या बाहेर सुमारे १०,००० गाड्यांचे वाहनतळ तयार केले आणि तिथून शहरात शटल बस सुरू केल्या. लोक कार वेशीवर सोडतील आणि बसने आत जातील, असा अंदाज होता.

निर्बंधाच्या वेळेत आत शिरणारी वाहनं सुमारे ४४ टक्क्यांनी घटली. साडेनऊ वाजले की बाहेर थांबलेल्या गाड्या एकदम आत घुसायच्या, म्हणून ऑगस्टमध्ये वेळ सव्वादहापर्यंत वाढवली. थोडक्यात, शुल्काची योजना चालली. पार्क अँड राईड मात्र साफ आपटलं. वाहनतळ ओस पडले आणि शटल जवळजवळ रिकाम्या धावल्या.

मग कारवाले गेले कुठे? जागतिक बँकेचा १९७८चा अभ्यास आहे. काहींनी वेळ बदलली, काहींनी शेजाऱ्यांना सोबत घेऊन चौघांची कार केली, आणि बरेच जण साध्या बसने जाऊ लागले. म्हणजे ज्यांनी गाडी सोडली, त्यांनी ती घरीच सोडली! विचार केला तर यात नवल नाही. गाडीत बसून, अर्धं अंतर काटून, मग उतरून बसची वाट कोण बघणार? त्यापेक्षा दारात येणारी बस बरी. आणि तशी बस तिथे होती. तीन बस कंपन्या एकत्र करून १९७३ मध्येच एक मोठी कंपनी उभी केली होती. १९८७ मध्ये मेट्रो आली. १९९८ मध्ये कागदी परवाने जाऊन इलेक्ट्रॉनिक वसुली आली. पार्क अँड राईड नंतर पुन्हा करून पाहिलं, पण २०१६च्या शेवटी तेही बंद केलं.

हे वाचताना मला बाबांचा बसचा पास आठवला. मी लहान असताना ते पीएमटीने कामावर जायचे. वाट बघून कंटाळले आणि कर्ज काढून स्कूटर घेतली. घरात केवढा आनंद! पण आईला गाडी चालवता येत नाही. ती त्याच स्टॉपवर उभी राहिली, फक्त आता एकटी. सायकलींच्या या शहरात हे घरोघरी झालं असणार. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झाली, मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावली. तरी आई अजून स्टॉपवरच आहे.

पार्क अँड राईड निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. जिथे बस पोचणं अवघड आहे अशा गावातून येणाऱ्याला शहराच्या वेशीवर गाडी लावायला जागा हवीच. पण माझं घर अडीच किलोमीटरवर आहे. माझ्या बाईकसाठी स्टेशनजवळची महागडी जमीन मागताना मी खरं तर एका बसची कमतरता झाकत होतो. त्या जागेचा फायदा फक्त मला झाला असता. बसचा दोघांनाही होईल.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, "दर दहा मिनिटांनी स्टेशनला जाणारी बस आली तर जाशील?"

"आधी येऊ दे म्हणावं," ती म्हणाली.