निशाणी नांगर ते दहा बोटे

मराठेशाहीतील एखादा महजर उलगडून पाहिला तर शेवटी गावकऱ्यांची नावे ओळीने आलेली दिसतात आणि पाटलाच्या नावाशी नांगराची आकृती काढलेली असते. 'निशाणी नांगर' हे शब्द जुन्या कागदपत्रांच्या वाचकांस अपरिचित नाहीत. बलुतेदारांच्या नावांशी त्यांच्या त्यांच्या धंद्यातील हत्यारांच्या आकृती असत. बिचाऱ्यांस लिहिता येत नव्हते म्हणून ही सोय, एवढाच अर्थ आपण पुष्कळदा करतो. पण तो अपुरा आहे. नांगर पाटलाच्या देहाविषयी काहीच सांगत नाही, तो त्याच्या वतनाविषयी सांगतो. आणि निशाणी करणारा हाच खरा पाटील की कोणी तोतया, हे ठरविणारे गोत त्या वेळी तेथेच बसलेले असे. गोमंतकातील आमच्या देवस्थानांच्या महाजनांची नावे सूचीत दाखल होतात तीही कुळ आणि घराणे पाहून. माणसाची ओळख म्हणजे चार माणसांनी दिलेली साक्ष, अशी ही जुनी समजूत होती. तिच्यात अन्यायही भरपूर होता, कारण ज्याला गोताने टाकले त्याला ओळखच उरत नसे. तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे आम्हांस प्रयोजन नाही.

गोत नको, साक्षीदार नको, केवळ बोटाची कातडी पुरे, अशी दुसऱ्या जातीची ओळख जगात प्रथम राज्यकारभारात रुजली ती आपल्याच देशात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आज 'आधार'च्या यंत्रावर अंगठा टेकविताना हा इतिहास फारसा कोणाच्या ध्यानी नसतो.

1858 च्या जुलै महिन्यात बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या तरुण मुलकी अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीसाठी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी करार केला. करार कोनाईच्याच हातचा, बंगाली लिपीतला होता. तो नेहमीप्रमाणे सही करणार, इतक्यात हर्शेलच्या मनात एक कल्पना आली. सरकारी शिक्क्याची तेलकट शाई कोनाईच्या तळहाताला व बोटांना फासून त्याने तो सबंध पंजा कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. पुढे ही सही माझी नव्हे असे म्हणण्याची कंत्राटदाराला छातीच होऊ नये, हा हेतू हर्शेलने स्वतःच नमूद करून ठेवला आहे. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. अंगठा हा निरक्षराचा, असे आपण धरून चालतो आणि 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवतोही. परंतु ज्याच्या हातापासून या कथेचा आरंभ झाला तो गृहस्थ चांगला लिहिता येणारा होता. त्याच्या अक्षरावर विश्वास नव्हता, म्हणून त्याचा हात घेतला गेला.

हर्शेल मात्र चिकाटीचा मनुष्य. त्याने वर्षानुवर्षे स्वतःच्या व इतरांच्या बोटांचे ठसे घेऊन ते वयाबरोबर पालटत नाहीत याची खात्री करून घेतली आणि 1877 मध्ये हुगळीला असताना दस्तनोंदणी, तुरुंग आणि पेन्शन या तिन्ही ठिकाणी ही पद्धत लागू केली. मेलेल्या पेन्शनराच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलतो, ही त्या काळची तक्रार होती. 2014 पासून आपले निवृत्त आईवडील 'जीवन प्रमाण' म्हणून हयातीचा दाखला बोट टेकवून देतात, त्याचा मूळपुरुष हा असा हुगळीच्या कचेरीत सापडतो.

परंतु एक ठसा घेणे निराळे आणि लक्षावधी ठशांतून नेमका एक हुडकून काढणे निराळे. फ्रान्सिस गाल्टनने 1892 साली बोटांच्या ठशांवर ग्रंथ लिहून त्यांच्या वेगळेपणाचे गणित मांडले, तरी कपाटातला कागद शोधायचा कसा हा प्रश्न राहिलाच. तो सुटला कलकत्त्यास. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा अधिकाऱ्यांनी त्याची उकल केली. आपल्या सामुद्रिकात बोटांच्या टोकांवरील शंख आणि चक्र यांचा विचार आहे. तान्ह्या मुलाच्या बोटांवर चक्रे किती हे घरातील वडीलधाऱ्या बायका आवर्जून पाहत. या पद्धतीतही चक्रालाच महत्त्व दिले गेले. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. ज्या जोडीत चक्र असेल तिला अनुक्रमे सोळा, आठ, चार, दोन, एक असे मोल द्यायचे. बेरजेत एक मिळवून एक अपूर्णांक तयार करायचा. वर बत्तीस शक्यता, खाली बत्तीस, म्हणजे एकूण 1024 खण. दहा बोटे पाहिली की कोणत्या खणात हात घालायचा ते समजे. सामुद्रिक पुढे काय होणार हे सांगू पाहते, कलकत्त्याचे हे शास्त्र मागे काय झाले ते विचारीत होते, एवढाच काय तो फरक.

12 जून 1897 रोजी सरकारने ही पद्धत मान्य केली आणि कलकत्त्यास जगातील पहिली ठसे-कचेरी उभी राहिली. पद्धतीला नाव मात्र हेन्रीचे पडले. हक आणि बोस यांना पुढे खानबहादूर, रायबहादूर या पदव्या व काही रोख बक्षिसे मिळाली. नावाचा मान मिळाला नाही. त्याच सुमारास जलपैगुडीच्या एका चहाच्या मळ्यातील व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातील बंगाली पंचांगावर एक पुसट तपकिरी ठसा होता. तो पूर्वी चोरीबद्दल शिक्षा भोगलेल्या त्याच्या जुन्या नोकराच्या बोटाशी जुळला. 1898 मध्ये न्यायालयाने चोरीचा आरोप मान्य केला, खुनाचा केला नाही. बोट तेथे लागले होते एवढेच ठसा सांगतो, त्या बोटाने काय केले हे सांगत नाही, हा विवेक त्या पहिल्याच खटल्यात दिसून आला. पुढच्या काळात तो सर्वत्र राहिला असे म्हणवत नाही.

इकडे 1871 च्या कायद्याने सरकारने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. 1911 मध्ये तो कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, आणि नोंद झालेल्या कोणाचेही ठसे वाटेल तेव्हा घेण्याचा अधिकार अधिकाऱ्यास मिळाला. त्याने गुन्हा केलेला असो वा नसो! रोजची हजेरी होतीच. कोल्हापुरास शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली, ही गोष्ट महाराष्ट्राला भूषणावह आहे. बाकीच्यांना 1952 पर्यंत वाट पाहावी लागली.

आता जरा दूर जावे लागेल. पण धागा तोच आहे. 1900 साली हेन्रीला दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गची पोलीस-व्यवस्था लावण्यास धाडण्यात आले आणि कलकत्त्याची विद्या त्याच्याबरोबर समुद्रापार गेली. 1906 मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने तेथील हिंदी लोकांनी नावे नोंदवावीत व दहाही बोटांचे ठसे द्यावेत असा फतवा काढला. मोहनदास गांधी या बॅरिस्टराने हे ठशांचे प्रकरण समजावून घेण्यासाठी हेन्रीचेच पुस्तक वाचले. त्यात कायद्याने ठसे घेतात ते फक्त गुन्हेगारांचे, असे त्याला आढळले. 11 सप्टेंबर 1906 रोजी एम्पायर नाट्यगृहात जी शपथ झाली, जिच्यातून सत्याग्रहाचा जन्म झाला, तिच्यामागे हे बोटांचे प्रकरण होते.

आणि तरीही 1908 च्या जानेवारीत स्मट्सशी तडजोड झाली, तेव्हा गांधींनी स्वतः होऊन ठसे देण्याचे कबूल केले. अनुयायी बुचकळ्यात पडले. काल जे पाप होते ते आज पुण्य कसे झाले? 10 फेब्रुवारीस नोंदणीसाठी जात असता मीर आलम नावाच्या पठाणाने त्यांस रक्तबंबाळ केले. रेव्हरंड डोक यांच्या घरी अंथरुणावर पडल्या पडल्याही नोंदणी अधिकाऱ्यास बोलावून त्यांनी दहाही ठसे दिलेच. आम्हांस वाटते, मीर आलमचा संताप समजण्याजोगा आहे, पण गांधींचा भेद अधिक खोल होता. सक्तीने दिलेले बोट आणि आपखुशीने दिलेले बोट कागदावर सारखेच उमटते. माणसाच्या ठायी मात्र ते सारखे नसते. कायदा रद्द होत नाही असे दिसताच 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले होळीत टाकले गेले. दाखले जळाले, ठसे सरकारच्या कपाटातच राहिले.

स्वतंत्र भारतात हा भेद न्यायालयांपुढे वारंवार आला. 1961 मध्ये काठी कालू ओघड याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला की, आरोपीचा ठसा घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास लावणे होय काय? बहुमताने उत्तर मिळाले, नव्हे. कारण ठसा मनातून निघत नाही व तो बदलताही येत नाही. म्हणजे ज्या गुणामुळे ठसा उपयुक्त, त्याच गुणामुळे त्याला संरक्षण नाही.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. दहा बोटे, दोन डोळ्यांची बुबुळे व मुद्रा, आणि त्यांच्या बदल्यात बारा आकडे. ज्याच्यापाशी कसलाही दाखला नाही अशा गरिबाला ओळख मिळावी, हा घोषित हेतू मोठा होता आणि अनेकांच्या बाबतीत तो सफळही झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले. 26 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक अशा मताने आधारचा कायदा टिकला. मात्र खासगी कंपन्यांना तो मागण्याची दिलेली मोकळीक व बँकखात्यांशी आणि भ्रमणध्वनीशी केलेली सक्तीची जोडणी रद्द झाली. एकटे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी सबंध कायदाच घटनाबाह्य ठरविला. उलट दिशेने, 2022 च्या नव्या कायद्याने 1920 चा कैद्यांच्या ओळखीचा जुना कायदा मागे सारून पोलिसांना बुबुळांच्या नोंदीही घेण्याचा अधिकार दिला, आणि अशा नोंदी पंचाहत्तर वर्षे ठेवण्याची तरतूद केली. इतकी वर्षे तर पुष्कळ माणसेही टिकत नाहीत.

मात्र रोजच्या व्यवहारात प्रश्न याहून साधा असतो. उसाच्या फडात, दगडखाणीत, विटांच्या भट्टीवर ज्यांची हयात गेली त्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात. म्हातारपणी कातडी सुरकुतते. रेशनच्या दुकानातील यंत्र अशा बोटाला 'नाही' म्हणते. बोट जुळले नाही म्हणून कोणाचे धान्य अडू नये, ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग द्यावा, हे न्यायालयापुढे मान्य झालेले आहे. तो दुसरा मार्ग कधी असाही असू शकतो, की दुकानाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगावे, होय, ही तीच बाई. हिला आम्ही ओळखतो.